कृष्णधवल विनोदी भूतपटातलं भूत कॅमेऱ्यातच कसं उभं करायचं

एडगर नेव्हिल या स्पॅनिश दिग्दर्शकाचा १९४४ सालचा ‘ला तोरे दे लोस सिएते होरोबादोस’, म्हणजे ‘सात कुबड्यांचा मनोरा’, हा कृष्णधवल चित्रपट पाहिला असेल तर त्यातला जुगारघराचा प्रसंग आठवा. रूलेटच्या टेबलापाशी बासिलिओ नावाचा शकुन-अपशकुन मानणारा तरुण आहे. रोबिन्सोन दे मान्तुआ या खून झालेल्या पुराणवस्तू-संशोधकाचं एकाक्ष भूत तिथे येतं आणि त्याला जिंकणारे आकडे सुचवतं. भूत फक्त बासिलिओला दिसतं. बाकीच्यांच्या लेखी त्या जागी कुणीच नाही. या प्रसंगातली सगळी गंमत कोणाला काय दिसतं यावर उभी आहे, म्हणून तसा लघुपट करायला निघालेल्यांनी पारदर्शक भूत कसं करायचं हा प्रश्न दुसऱ्या नंबरावर ठेवावा.

या मार्गदर्शिकेतल्या युक्त्या जुन्याच आहेत. त्यातल्या बहुतेक मूकपटांच्या काळापासून चालत आल्या आणि स्पेन-मेक्सिकोच्या कृष्णधवल विनोदपटांनीही त्या वापरल्या. त्या आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर करता येतात, १६ मिमी फिल्मवरही करता येतात. निवड करताना एकच कसोटी लावा: ही युक्ती वापरताना नट एकमेकांचं बोलणं खरोखर ऐकू शकतात का? विनोद वेळेवर जगतो. जी युक्ती नटांना वेगवेगळं उभं करते ती विनोदाची वेळ मारते, आणि ती वेळ परत आणायला जास्तीची मेहनत करावी लागते. ती मेहनत कशी करायची तेही पुढे येईल.

आधी कागदावर नियम

पटकथेच्या शेवटच्या मसुद्यावर प्रत्येक प्रसंगासाठी एक तक्ता करा. पात्रांची नावं उभी लिहा आणि प्रत्येकापुढे चार रकाने ठेवा: भूत दिसतं का, ऐकू येतं का, स्पर्श होतो का, भुतानं हलवलेली वस्तू दिसते का. चौथा रकाना लोक विसरतात आणि संकलनाच्या टेबलावर अडकतात. भुतानं चहाचा कप उचलला तर भूत न दिसणाऱ्या माणसाला काय दिसायला हवं? तरंगता कप. म्हणजे त्या एका शॉटासाठी तारेचं काम लागणार, वेगळा दिवस लागणार. हे कागदावर असतानाच ठरवलं तर कप उचलण्याऐवजी भूत नुसतं त्याच्याकडे बघून सुस्कारा टाकेल आणि प्रसंग तितकाच चालेल.

या तक्त्यावरूनच शॉट वाटले जातात. ज्याला भूत दिसतं त्याच्या बाजूनं घेतलेल्या शॉटांत भूत असतं. ज्याला दिसत नाही त्याच्या बाजूच्या शॉटांत ती जागा रिकामी असते आणि आपला नायक खुर्चीशी तावातावानं भांडत असतो. दोन्ही बाजूंचे शॉट एकाच भिंगानं, एकाच उंचीवरून आणि जवळपास त्याच अंतरावरून घ्या, म्हणजे कट झाला की प्रेक्षकाला फक्त भुताचं नसणं जाणवेल. चौकटच बदलली तर डोळा आधी नव्या चौकटीत रमतो आणि हशा अर्धा सेकंद उशिरा येतो, किंवा येतच नाही.

यातून एक सोय निघते. संवादाच्या प्रसंगांत भूत सरळ ठोस ठेवता येतं. दोन नट समोरासमोर उभे, कसलीही युक्ती नाही. पारदर्शकपणा येण्या-जाण्यासाठी आणि दोन-तीन खास जागांसाठी राखून ठेवा. वीस मिनिटांच्या लघुपटात पारदर्शक भुताचे पाच-सहा शॉट पुरतात. सतत पारदर्शक असलेल्या भुताचे डोळे वाचता येत नाहीत, आणि ज्याचे डोळे वाचता येत नाहीत तो नट विनोद करू शकत नाही.

काचेचं भूत

ही सगळ्यात जुनी युक्ती, आणि विनोदासाठी आमच्या मते सगळ्यात चांगली. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी ती रंगमंचावर दाखवली. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची. भिंगासमोर साधी काच ४५ अंशांत उभी करायची. काचेतून आरपार सेट दिसतो. बाजूला काळ्या पडद्यांच्या खोलीत भुताचं काम करणारा नट उभा असतो आणि त्याचं प्रतिबिंब काचेवर पडून सेटमध्ये मिसळतं. दोन्ही नट एकाच वेळी काम करतात, एकमेकांना ऐकतात आणि मॉनिटरवर भूत तिथल्या तिथे दिसतं.

काच भिंगाजवळ ठेवली तर लहान पुरते. सुपर ३५ (सिनेमा-कॅमेऱ्यांचा एक नेहमीचा आकार) सेन्सर, ५० मिमीचं भिंग आणि काचेचा मध्य भिंगापासून ६० सेंमीवर असेल तर जुन्या ४:३च्या आसपासच्या चौकटीसाठी सुमारे ४६ × ३० सेंमी काच लागते. कडा चौकटीत येऊ नयेत म्हणून ६० × ४५ सेंमीची घ्या. जाडी ३ ते ४ मिमी. ॲक्रिलिकचा पत्रा स्वस्त आणि सुरक्षित असला तरी मध्ये झोल खातो आणि भुताचा चेहरा ताणल्यासारखा दिसतो. काचेच्या कडा घासून घ्या, काच लाकडी चौकटीत पक्की बसवा आणि चौकटीच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा.

अंतराचा हिशेब सोपा आहे. भूत काचेमागे जितक्या अंतरावर उभं दिसायला हवं, नट काचेपासून तितक्याच अंतरावर बाजूला उभा राहतो. नायक काचेमागे अडीच मीटरवर बसला असेल आणि भूत त्याच्या शेजारी हवं असेल, तर भुताचा नटही काचेपासून अडीच मीटरवर. हे चुकलं की भूत नायकापेक्षा मोठं किंवा ठेंगणं दिसतं आणि फोकसही जातो, कारण भिंगाच्या दृष्टीनं ते प्रतिबिंब तितक्याच खोलवर असतं. नटाचे पाय सेटच्या जमिनीवर टेकलेले दिसायचे असतील तर दोन्हीकडची जमीन एकाच पातळीत हवी. नाहीतर शॉट गुडघ्यापासून वर घ्या. बहुतेक प्रसंगांत तेवढं पुरतं.

उजेडाकडे नीट लक्ष द्या. ४५ अंशांत साधी काच साधारण १० टक्के उजेड परावर्तित करते, बाकीचा आरपार जाऊ देते. सेटवर ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतील आणि भुतावरही ३००च असतील तर भूत जेमतेम धुक्यासारखं दिसेल. भुतावर १,५०० लक्सच्या आसपास उजेड ठेवला तर ते सेटपेक्षा पाऊण-एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी पडतं, म्हणजे चेहरा वाचता येतो आणि मागचं कपाटही दिसतं. भुताच्या दिव्याचा उजेड काचेवर किंवा भिंगावर सांडू देऊ नका, दिव्यांना काळे पत्रे लावून तो आवरा. भुताच्या खोलीत नटाव्यतिरिक्त जे काही उजळेल ते सेटवर तरंगताना दिसेल: पडद्याची चुणी, चकचकीत बूट, दिव्याच्या स्टँडचा पाय. कापड मखमलच हवं. साध्या काळ्या सुती कापडावर जोराचा उजेड पडला की ते करडं दिसतं.

भूत सेटमधल्या अंधाऱ्या भागावर पडेल अशी जागा निवडा. उजळ भिंतीवर ते विरून जातं. कपाट, जिन्याखालचा कोपरा, गडद पडदा, दाराची पोकळी या त्याच्या जागा. वेशभूषाही फिकी हवी. काळा कोट घातला तर कोट नाहीसा होतो आणि मुंडकं व दोन हात तरंगतात. तेच हवं असेल तर उत्तम, पण ठरवून करा.

भूत येण्या-जाण्यासाठी त्याच्या दिव्याला डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारं बटण, लावा. टंगस्टन दिवा मंद होताना पिवळा-लाल होतो आणि रंगीत चित्रीकरणात त्यावरून युक्ती उघडी पडते. कृष्णधवलमध्ये तो प्रश्नच उरत नाही. स्वस्त एलईडी दिवे मात्र शेवटच्या ५ ते १० टक्क्यांत एकदम विझतात. तो झटका भुताच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो, म्हणून आधी चाचणी घ्या.

आणखी एक बारीक उपाय आहे. ४५ अंशांत परावर्तित झालेला उजेड बराचसा ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात; पोलरायझर हा फिल्टर एकाच दिशेच्या लहरी आत सोडतो. काच उभी असेल तर भिंगावर पोलरायझर लावून तो उभ्या दिशेला ठेवला की भूत ठळक होतं आणि ९० अंश फिरवला की बहुतेक नाहीसं होतं. दोन सेकंदांत हळू फिरवा आणि सोबत डिमरही खाली घ्या. बदल्यात सुमारे दीड स्टॉप उजेड जातो. सेटवर पॉलिश केलेलं टेबल किंवा फरशी असेल तर फिरवताना तिची चमकही बदलते, तेव्हा तसे पृष्ठभाग चौकटीबाहेर ठेवा. हे माहीत नसताना पोलरायझर आडवा लावून ठेवला तर भूत काही केल्या दिसत नाही आणि सगळे दिव्यांत दोष शोधत बसतात.

प्रतिबिंब उलटं असतं हे वेशभूषेला पहिल्याच दिवशी सांगा. कोटाची बटणं, भांग, छातीवरचं पदक, डोळ्यावरची पट्टी या सगळ्याची बाजू बदलते. ठोस भुताचे शॉट आणि काचेतले शॉट एकाच प्रसंगात येणार असतील तर काचेच्या शॉटांसाठी सगळं उलट्या बाजूला घालावं लागतं. एकाक्ष भुताच्या बाबतीत हे विसरून चालणार नाही, पट्टी दुसऱ्या डोळ्यावर गेली तर शेवटच्या रांगेतला प्रेक्षकही ओळखतो. नट डावीकडे चालला तर पडद्यावर उजवीकडे जातो, म्हणून तालमी मॉनिटर समोर ठेवूनच घ्या.

दुहेरी एक्स्पोजर

काच उभी करायला जागा नसेल, किंवा भूत खोलीभर हिंडायचं असेल, तर एकाच चौकटीचे दोन टेक घेऊन ते एकमेकांवर चढवावे लागतात. याचे दोन प्रकार आहेत. त्यांची गल्लत झाली की निकाल बिघडतो.

पहिल्या प्रकारात तोच सेट, तोच उजेड. एकदा भुतासह आणि एकदा भुताविना चित्रण करायचं आणि दोन्हींचं एक्स्पोजर (फिल्मवर किंवा सेन्सरवर पडू दिलेला उजेड) मिळून पूर्ण व्हायला हवं. निम्मं-निम्मं म्हणजे दोन्ही टेक एकेक स्टॉप कमी. पण निम्मं भूत विनोदासाठी फार पातळ होतं. आम्ही ७० टक्के भूत सुचवतो: भुताचा टेक अर्धा स्टॉप कमी आणि रिकाम्या सेटचा टेक पावणेदोन स्टॉप कमी. डिजिटलमध्ये दोन्ही टेक पूर्ण एक्स्पोजरनं घ्या आणि संकलनात वरच्या थराची अपारदर्शकता ७०वर ठेवा. तिथे एक गोष्ट तपासा: मिश्रण रेषीय प्रकाशमानात, म्हणजे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात, होतंय का. फिल्मवर उजेड उजेडात मिसळतो आणि त्यामुळे उजळ भाग जिंकतात. सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या गॅमामधलं (पडद्यासाठी उजेडाचे आकडे वाकवून केलेलं) मिश्रण मळकट, करडं दिसतं आणि ‘हे जुन्यासारखं का वाटत नाही’ हा प्रश्न तिथूनच येतो.

दुसऱ्या प्रकारात सेट पूर्ण एक्स्पोजरनं घेतात आणि भूत काळ्या मखमलीसमोर, एक ते दीड स्टॉप कमी, वेगळं घेतात. इथे भूत सेटमध्ये फक्त उजेडाची भर घालतं, काहीच झाकत नाही. काळे केस, काळे डोळे, काळा कोट या सगळ्यातून मागची भिंत दिसते. संकलनात यासाठी ‘स्क्रीन’ किंवा ‘ॲड’ मिश्रण वापरा. भिंत मधल्या करड्यापेक्षा दोन स्टॉप गडद ठेवली तर हे भूत फार सुंदर दिसतं. पांढऱ्या भिंतीवर त्याचं काही उरत नाही.

या प्रकारात भूत कधीच कशाच्या मागे जात नाही. टेबलामागून चाललं तरी टेबलावर उमटतं. उपाय असा की भुताच्या टेकसाठी तेच टेबल त्याच जागी ठेवून मखमलीनं पूर्ण झाकायचं. मग नट खरोखर त्याच्यामागून चालतो आणि टेबल त्याला कापतं. जिवंत नट मात्र भुताच्या पुढून गेला तर भूत त्याच्या छातीवर उमटेल. जमिनीवर दोन वाटा आखा आणि जिवंत नटांना मागची वाट द्या.

कॅमेरा केसभरही हलता कामा नये. ट्रायपॉडचे पाय पूर्ण न लांबवता मधेच घट्ट करा, मधला दांडा वर काढू नका, खाली वाळूची पिशवी टांगा. स्वयंचलित एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स आणि प्रतिमा-स्थिरीकरण बंद करा. स्थिरीकरण चालू राहिलं तर ट्रायपॉडवरही चौकट किंचित तरंगते, आणि दोन टेक एकमेकांवर ठेवले की भिंतीवरची चित्रं श्वास घेतात. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर नट चालला की ट्रायपॉड डोलतो. पायांखाली जाड फरशीचे तुकडे ठेवा किंवा कॅमेरा दुसऱ्या फळीवर न्या. खिडकीतून ऊन येत असेल तर पडदा लावून दिवे वापरा, कारण दोन टेकांमधल्या वीस मिनिटांत सावली सरकलेली असते. शटर विजेच्या वारंवारतेला जुळवा: ५० हर्ट्झवर १/५० सेकंद, ६० हर्ट्झवर १/६०.

फिल्मवर करत असाल तर मागे गुंडाळता येणारा कॅमेरा लागतो. बोलेक्स एच १६ मध्ये हाताच्या दांडीनं मागे जाता येतं आणि दांडीचा एक फेरा म्हणजे ८ फ्रेम. सुरुवातीचा फ्रेम-आकडा लिहून ठेवा, भिंगावर टोपी घाला, शटर बंद करा, सुरुवातीच्या आकड्याच्याही थोडं मागे जा आणि मग पुढे येऊन नेमक्या आकड्यावर थांबा, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा निघून जातो. १०० फुटांचं रीळ २४ फ्रेमच्या वेगानं पावणेतीन मिनिटं चालतं. त्यातल्या तीसेक सेकंदांसाठी एवढी धडपड असेल तर तालीम किती हवी ते ओघानं आलंच.

नट वेगवेगळे उभे राहतात ती हीच जागा, म्हणून वेळ जुळवायचं काम इथे करावं लागतं. पहिल्या टेकमध्ये जिवंत नटाचं काम घ्या. कॅमेऱ्याबाहेरून भुताचाच नट त्याचे संवाद बोलेल, मदतनिसाला ते काम देऊ नका, कारण मदतनीस वाचतो आणि नट थांबतो. त्या टेकचा आवाज ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या टेकमध्ये भुताच्या नटाच्या कानात बारीक इअरपीसमधून वाजवा. सुरुवातीला टाळीचे तीन ठोके असले की दोन्ही टेक जुळवणं सोपं जातं.

नजरेसाठी भुताच्या डोळ्यांच्या उंचीवर काठीला छोटा चेंडू लावा. जिवंत नट चेंडूकडे बघेल आणि काठी चौकटीबाहेरून, वरून धरलेली असेल. भूत चालणार असेल तर काठीही त्याच गतीनं हलली पाहिजे. नजर दहा सेंमीनं चुकली तरी माणूस भुताच्या कानाशी बोलतोय असं दिसतं. हा दोष संकलनात काढता येत नाही.

फक्त कृष्णधवलमध्येच जमणारी गोष्ट

एकाच शॉटमध्ये, कट न करता, साध्या माणसाचा चेहरा मेलेला दिसू लागतो. युक्ती रंगांची आहे आणि कृष्णधवल चित्र ती लपवतं.

नटाच्या गालांच्या खळग्यांत, डोळ्यांखाली आणि कपाळाच्या रेघांवर लाल ग्रीजपेंटनं रंगभूषा करा. चेहऱ्यावर फक्त लाल उजेड असताना त्वचा आणि लाल रंग सारखेच उजळ दिसतात, रेघा गायब होतात, चेहरा गुळगुळीत दिसतो. आता लाल उजेड कमी करत हिरवट-निळा उजेड वाढवत न्या. लाल रंग तो उजेड शोषतो, रेघा काळ्या पडतात, ओठ गडद होतात आणि चेहरा डोळ्यांदेखत खंगतो. रंग बदलू शकणारे दोन एलईडी पॅनेल किंवा लाल व सियान (हिरवट-निळं) जिलेटीन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावलेले दोन दिवे आणि दोन डिमर एवढंच सामान लागतं.

यात डिजिटल कॅमेऱ्याच्या दोन अडचणी आहेत. नुसत्या लाल उजेडात सेन्सरच्या दर चार बिंदूंपैकी एकावरच काम चालतं. एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सुरक्षित दिसतो आणि लाल चॅनेल (चित्रातला लाल रंगाचा थर) मात्र जळून गेलेला असतो, म्हणून तिन्ही चॅनेल वेगळे दाखवणारा आलेख बघा. दुसरी अडचण अशी की कॅमेऱ्याचं तयार कृष्णधवल रूपांतर लाल रंगाला साधारण २१ टक्के, हिरव्याला ७२ आणि निळ्याला ७ टक्के वजन देतं. मग उजेड लालवरून हिरव्याकडे सरकताना चेहरा एकदम उजळतो आणि युक्ती कळते. चित्रण रंगीत करा, कृष्णधवल नंतर संकलनातल्या चॅनेल-मिक्सरमध्ये (रंगांचं प्रमाण ठरवायची सोय) करा, आणि लाल व हिरव्याला जवळपास सारखं वजन द्या. शुद्ध निळा उजेड टाळा, त्यात चित्र फार दाणेदार होतं. मागच्या सेटवर हा रंगीत उजेड पडू नये म्हणून नट भिंतीपासून दोन मीटर तरी पुढे हवा.

लाल रंगाचा दाटपणा हाच कळीचा भाग. फार दाट असेल तर लाल उजेडातही रेघा दिसतात, फार पातळ असेल तर शेवटी काही उरत नाही. गालावर तीन छटांचे पट्टे ओढून चाचणीचा शॉट घ्या आणि मगच नटाला रंगवा.

वस्तू हलवणं

नायलॉनची मासेमारीची दोरी, ०.१५ ते ०.२० मिमी, कप किंवा टोपीसाठी पुरते. नायलॉन चमकतं, म्हणून त्यावर काळ्या मार्करनं हात फिरवा आणि मागून किंवा बाजूनं येणारा दिवा तिच्यावर पडू देऊ नका. उभ्या पट्ट्यांचा वॉलपेपर दोरी लपवायला फार उपयोगी. प्रेक्षक दोरी वस्तूच्या वर शोधतो, तर तिला बाजूनं किंवा खालून न्या. मेणबत्ती टेबलावर आपोआप सरकवायची असेल तर दोरी कशाला? स्टँडच्या तळाला लोखंडी चकती लावा आणि ५-६ मिमीच्या प्लायखाली निओडिमियम चुंबक सरकवा. टेबलावर कापड नको, ते सोबत सरकतं.

टोपी उडत येऊन डोक्यावर बसते तो शॉट उलटा घ्या: डोक्यावरून टोपी दोरीनं ओढा आणि चित्र उलटं चालवा. नटानं त्या दोन सेकंदांत पापणी हलवू नये, आणि चौकटीत धूर किंवा ज्योत असू नये. वर जाणारा धूर खाली येताना दिसला की खेळ संपला.

थांबा-बदला-सुरू करा (कॅमेरा थांबवा, वस्तू बदला, पुन्हा सुरू करा) ही युक्ती सेगुंदो दे चोमोन या स्पेनमधल्या आरागोन प्रांतातल्या तेरुएलच्या कलावंतानं ‘एल ओतेल एलेक्त्रिको’ या १९०८ सालच्या मूकपटात सामानसुमान आपोआप हलवायला वापरली. तिचा विनोदी वापर एकच लक्षात ठेवा: बदल हालचालीच्या मधोमध करा. नायक मान वळवत असतानाच खुर्चीवर भूत आलं तर कट दिसत नाही. सगळे स्थिर असताना केला तर उडी जाणवते.

आरशात भूत दिसत नाही हा शॉट हवा असेल तर आरसा काढून टाका. भिंतीला आरशाच्या आकाराचं भोक पाडा, पलीकडे खोलीची उलट प्रतिकृती उभी करा आणि नायकाचा प्रतिबिंब-नट तिथे ठेवा. अलीकडे नायक पाठमोरा आणि शेजारी भूत, पलीकडे नुसता नायक. घड्याळाचे काटे आणि भांग उलटा करायला विसरू नका.

उजेड, सावली आणि आवाज

भयपटाचा उजेड विनोदाला जड होतो. मुख्य दिवा आणि भरीचा दिवा यांत दोन स्टॉपचा, म्हणजे ४:१चा फरक ठेवा. भुताच्या डोळ्यांत छोटा चमकता ठिपका येईल असा एक दिवा भिंगाच्या बाजूला हवाच. खालून मारलेला उजेड भूत मुद्दाम घाबरवायचा प्रयत्न करतंय तेवढ्यापुरता. ठोस भुताची सावली भिंतीवर पडू नये असं ठरवलं असेल तर दिवा उंच, ५०-६० अंशांवर न्या, म्हणजे सावली जमिनीवर चौकटीबाहेर पडते. पांढरी चादर किंवा शुभ्र कपडे वापरू नका. फिकट करडं किंवा चहाच्या पाण्यात बुडवलेलं कापड पडद्यावर पांढरं दिसतं आणि त्याच्या चुण्या टिकतात.

ध्वनीत पहिलं काम म्हणजे ठोस भुताच्या पावलांचा आवाज काढून टाका. खर्च शून्य, आणि प्रेक्षकाला कळण्याआधीच जाणवतं. नट चालताना संवाद बोलत असेल तर त्याला लोकरी मोजे घालून चालवा. बूट चौकटीत दिसत असतील तर तळाला फेल्ट चिकटवा. आवाज घुमवायचा मोह होतो, पण लांब घुमण्यात व्यंजनं बुडतात आणि विनोदाचा शेवटचा शब्द हरवतो. घुमवायचंच असेल तर ४० ते ६० मिलिसेकंदांचा विलंब द्या, प्रमाण १५ टक्क्यांच्या आत ठेवा, आणि तेही फक्त येण्या-जाण्याच्या वाक्यांना.

संकलनात भूत अवतरण्याचा डिझॉल्व्ह (एक चित्र हळूहळू दुसऱ्यात विरघळणं) २४ फ्रेमचा ठेवा. गमतीच्या जागी ८ ते १२ पुरतात. विरहाच्या प्रसंगात ४८पर्यंत जाता येतं. नायक भुताला बघतो, नजर काढून घेतो आणि दचकून पुन्हा बघतो, तेव्हा दोन नजरांमध्ये १८ ते २४ फ्रेम लागतात. कमी ठेवल्या तर त्याला भूत लगेच कळलं असं वाटतं. जास्त ठेवल्या तर प्रेक्षक त्याच्या आधी हसून मोकळा होतो. चित्रीकरणाच्या वेळी नटाला पहिल्या नजरेनंतर पूर्ण दोन सेकंद थांबायला सांगा आणि नेमकी लांबी टेबलावर कापा.